गोधडीतली हजेरी

बाईंच्या घरात ताठ चालता येत नसे. मोखाड्याच्या कार्यालयात माझी बदली झाली आणि राहायला मी जव्हारला त्यांच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच दिवशी सामान आत नेताना माझं कपाळ एका छत्रीवर आपटलं. तिला चुकवायला वाकले तर कानाला चिंचेचं गाडगं लागलं. छपराच्या प्रत्येक वाशाला दोरी आणि प्रत्येक दोरीला काहीतरी टांगलेलं: कंदील, चष्म्यांची पिशवी, लसणाच्या जुड्या, कापडी पिशवीत घातलेल्या वह्या. बाईंची उंची जेमतेम माझ्या खांद्याइतकी. त्या या सगळ्याखालून बिनघोर फिरत. दोरी सोडायची, वस्तू खाली घ्यायची, काम झालं की पुन्हा वर ओढायची.

"जमिनीवर, भिंतीत काही ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "ठेवलेलं इथं आपलं राहत नाही."

मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ. ते वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता.

मग त्यांनी माझं नाव, गाव, खातं यांतलं काहीही विचारलं नाही. विचारलं, "तुझ्या वडिलांच्या आईचं नाव काय?"

"ती मी जन्मायच्या आधीच वारली. घरात सगळे तिला मोठी आई म्हणायचे."

"ते नातं झालं. नाव?"

"विचारून सांगते."

त्यांनी एक पिशवी खाली ओढली, वही काढली, 'नवी भाडेकरीण' असं लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली. ती दोन वर्षं रिकामी राहिली. एका फोनचं काम होतं. मी ते रोज उद्यावर टाकलं.

बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. खोडाळ्यापासून दाभोशापर्यंत कितीतरी शाळांत त्यांनी पाटी-पेन्सिल शिकवली होती. निवृत्त झाल्यावर माणसं मुलांकडे जातात नाहीतर देवाला लागतात. लग्न न केल्यामुळे पहिली सोय बाईंना नव्हती आणि दुसरीची हौस नव्हती. त्यांनी इतिहास धरला. त्यांचा इतिहास म्हणजे आज्यांची नावं.

"इथं राजवाडा बघायला लोक लांबून येतात," त्या म्हणत. "राजा कोण, दिवाण कोण, सगळं पाठ असतं त्यांना. राजाला भाकरी लागत असेल ना? ती नाचणी कुणी लावली, कुणी दळली? त्यांतली एकतरी सांगा."

मोखाड्याच्या जीपमध्ये त्या माझ्याबरोबर बसल्या की मला खिडकीबाहेर बघावं लागे. शेजारच्या तलाठ्याला, पलीकडच्या कोंबडीवाल्याला, गरोदर बाईला, सगळ्यांना एकच प्रश्न. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आजी गेली तवा मी दोन वर्षांचा होतो."

"आजी गेली. नाव कुठं गेलं?"

"मोबाईलमधी नाय ते."

जीप हसली. बाई हसल्या नाहीत. आठवड्याने तोच ड्रायव्हर भर चढावर जीप थांबवून मागे वळला आणि ओरडला, "बाई, सोनी! सोनी होतं नाव!" मागच्या ट्रकवाल्याने त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

नाव मिळालं की बाई कापड मागत. त्या बाईचं लुगडं, चोळी, ओढणी, निदान तिच्या सुनेच्या जुन्या पातळाचा तुकडा. त्या कापडांची त्या गोधडी शिवत होत्या. जुन्या पद्धतीची, पूर्ण हातशिलाईची. आत जुन्या धोतरांचे थर, वर चौकोनी तुकडे, अकरा रांगा, रांगेत आठ. प्रत्येक तुकड्याच्या खाली मांजरपाटाची पट्टी आणि त्या पट्टीवर दोऱ्याने काढलेलं नाव आणि गाव. नाव वरून दिसायचं नाही.

"मग उपयोग काय?" मी विचारलं.

"वर काढलं तर लोक भिंतीवर लावतील. गोधडी पांघरायची असते. कोणत्या तुकड्याखाली कोण, ते वहीत आहे ना."

शिवायची त्यांची तऱ्हा वेगळी. डोळे सकाळीच काय ते चालत, म्हणून उजाडल्यावर त्या दहा-बारा सुया ओवून ठेवत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवसाच्या चौकोनात टोचत. दुपारभर त्या संपवायच्या. टाके पाढ्यावर पडत. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पाढा संपला की दोरा संपलेला असे. एकोणतिसाच्या पाढ्याला टाका बारीक येतो असं त्यांचं मत होतं. मी मोजून पाहिलं नाही.

ही गोधडी विकायची नव्हती. तिची सोडत काढायची होती. बंद पडलेल्या एका शाळेची खोली गावाने बाईंना जुन्या वस्तू मांडायला दिली होती. जाती, रोवळ्या, फुटक्या पाट्या, शाळेचे गट-फोटो, सगळं तिथे मांडलेलं होतं. पण कौलं सरकली होती आणि पावसाळ्याआधी छप्पर नीट केलं नाही तर खोली परत घेणार असं सांगून झालं होतं. म्हणून तिकिटं काढली. बाई आठवडी बाजारात बसून ती विकत. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याच्याकडून त्या काहीही घेत. एकदा तिकिटाच्या बदल्यात द्रोणभर करवंदं घेऊन आल्या.

"अशानं छप्पर होणार का?" मी म्हटलं.

"करवंदवाली आजीचं नाव न विचारता सांगून गेली," त्या म्हणाल्या आणि करवंदं माझ्यापुढे सरकवली.

आता माझी चूक सांगते.

आदल्या पावसाळ्यात नाशिकहून काही कॉलेजची मुलं-मुली बाईंचं काम बघायला येणार होती. लोकांची डोकी फुटायला नकोत म्हणून मी आदल्या दिवशी रजा टाकून घर आवरलं. दोऱ्या सोडल्या, पिशव्या रिकाम्या केल्या आणि नावांच्या तिन्ही वह्या भिंतीतल्या कपाटात, खाली वर्तमानपत्र घालून, ओळीने ठेवल्या. खूप वर्षांनी त्या घरात कुणीतरी काहीतरी शहाणपणाचं केलं असं मला वाटलं. मंडळी आली, फोटो काढून गेली. छत्र्या, गाडगी बाईंनी पुन्हा वर चढवली. वह्या राहिल्या. तोवर सगळे तुकडे जोडून झाले होते, वहीचं काम उरलं नव्हतं.

सोडतीला आठ दिवस उरले असताना नावांची यादी छापून खोलीत लावावी म्हणून मी कपाट उघडलं. वह्या होत्या तशाच ओळीत होत्या. पहिलीचा पुठ्ठा उचलला तर आत माती. पानांच्या जागी वाळवीने घर केलं होतं. दुसरी तशीच. तिसरीची चार पानं हाती लागली, त्यांतलं एक कोरं होतं.

मी कपाट बंद केलं आणि कामावर गेले. दिवसभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारले, पण डोळ्यांपुढे ती माती होती. दोन वर्षं बाजारात, जीपमध्ये, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत गोळा केलेली नावं. देणारी माणसं कुठली कुठली, काही तर वारलेली. आता ती नावं दोनच ठिकाणी होती. एक, गोधडीच्या पोटात, टाक्यांखाली. ती आठ दिवसांनी कुणाच्याही घरी जाणार होती. आणि दुसरं ठिकाण बाईंचं डोकं.

त्या डोक्याची मला जास्त काळजी होती. होळीपासून बाई सुया मागच्या महिन्याच्या पानावर टोचू लागल्या होत्या. रिकाम्या पातेल्याखाली गॅस पेटवून पाढे म्हणत बसत. मला अधूनमधून खोडाळ्याच्या शाळेतल्या कुणा सहकारी बाईंच्या नावाने हाक मारत. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढत जाईल. पावसाळ्यात त्यांची भाची येऊन त्यांना नाशिकला नेणार होती.

संध्याकाळी मी सांगून टाकलं. "बाई, वह्या वाळवीनं खाल्ल्या. मीच ठेवल्या होत्या भिंतीत."

बाईंनी उठून कपाट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं," आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा पिता पिता विचारलं, "वह्या कुठं आहेत गं? खाली घे जरा." मला पुन्हा सांगावं लागलं. या वेळी त्या चिडल्या. असल्या शिकलेल्या बायकांपेक्षा वाळवी बरी, ती निदान मदत करते असं सांगून येत नाही, असं म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ऐकून त्या हसल्या. "एवढी नावं वाळवीच्या घरात कधी कुणी नेली नसतील." चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी वह्या बांधणीला दिल्यात असं सांगितलं. पुन्हा खरं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

मी गोधडी उसवायचं सुचवलं.

"उसवलेली गोधडी बक्षीस द्यायची?"

"मग सोडत पुढे ढकलू. दुसरं काहीतरी बक्षीस ठेवू."

"लोकांनी गोधडीचं तिकीट घेतलंय." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि तू आठ तिकिटं घेतलीस म्हणे. एका माणसाला थंडी वाजून वाजून किती वाजते?"

आठ घेतली होती खरी. त्याआधी मी आयुष्यात कधी सोडतीचं तिकीट घेतलं नव्हतं. गोधडी मला लागली असती तर सुट्टीच्या दिवशी एकेक तुकडा सोडवत बसले असते. चिठ्ठ्यांच्या घड्या घालायचं कामही माझ्याकडेच होतं. माझ्या आठ घड्या जाड घालाव्यात असं एकदा मनात आलं. एकीला घातलीही. मग सोडवून सारखी केली.

सोडतीला बाईंनी पाहुणे बोलावले नाहीत. "पाहुणा आला की हार, हार आला की भाषण." चिठ्ठ्या भात मोजायच्या पायलीत टाकल्या आणि जमलेल्या बायकांत जी सगळ्यात म्हातारी तिने हात घातला. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे कुणाला बोलायला जागा राहिली नाही. मी चिठ्ठी उघडली. त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात होतं: मंगली, दाभोसा, करवंदवाली.

ती आलेली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

गोधडीचा एक कोपरा बाईंनी मुद्दाम उघडा ठेवला होता. बक्षीस अर्धवट कसं, असं काहीजण कुरकुरलेही. बाईंच्या आईची रीत अशी की गोधडी उपाशी द्यायची नाही. ज्याच्या घरी ती जाणार त्याच्या घरचा भाकरीचा तुकडा शेवटच्या कोपऱ्यात घालायचा आणि मग तोंड शिवायचं. म्हणून बाईंना दाभोशाला जावंच लागणार होतं. उसवायचं म्हटल्यापासून त्यांनी गोधडी चादरीत बांधून माझ्यापासून लांब ठेवली होती; निदान वाटेत एकेक तुकडा दाखवून नावं विचारता येतील, मला तेवढीच एक आशा होती.

जीपमध्ये मी चादरीची गाठ सैल करून एक तुकडा बाहेर काढला. "बाई, हे जांभळं कुणाचं?"

बाईंनी त्यावरून हात फिरवला. "छान शिवलंय गं. कुणी शिवलं?"

मी गाठ पुन्हा बांधली.

मंगली चाळिशीची, काटक, मोठ्या आवाजाची बाई. आम्हाला बघून तिने हातातला झाडू टाकला. "बाय! मी तुमच्या वर्गात होती. दुसरीपर्यंत. मग ढोरं राखाया गेली."

"म्हणून तुझा पाढा बाराच्या पुढे गेला नाही," बाई म्हणाल्या. मंगली खूश झाली.

सारवलेल्या अंगणात सावलीला आम्ही गोधडी पसरली. मंगली चारी बाजूंनी फिरली. "ही माझी? करवंदांची?"

"तुझी."

"पांघरायची का ठेवायची?"

"पांघरायची," बाई म्हणाल्या.

"बाय, हे कुणाचं?" मंगलीने मधल्याच एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. बाईंचा चेहरा रिकामा झाला. मंगलीने पुन्हा विचारलं, मग दुसऱ्यावर बोट ठेवलं. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मला त्या अंगणात बसवेना.

मंगलीच्या काय लक्षात आलं कोण जाणे. ती मांडी घालून समोर बसली आणि म्हणाली, "असं मधूनच नाय. पयली हजेरी घ्या बाय, मग वर्ग बसंल."

बाईंची पाठ ताठ झाली. त्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि शाळेतल्या, चढ्या, सपाट आवाजात म्हणाल्या, "काशी. खोडाळा."

"हजर," मंगली म्हणाली.

"जिवली. खोडाळा."

"हजर."

"सोनी. ड्रायव्हरची."

"हजर बाय."

माझ्याकडे कागद नव्हता. पिशवीत संपलेलं तिकीटबुक होतं. त्याच्या स्थळप्रतींच्या पाठीवर मी लिहू लागले. बाई रांगेने जात होत्या, जशा शिवल्या होत्या तशा. मधला तुकडा विचारला तर त्यांना काही सांगता येत नव्हतं, पण एकामागून एक गेलं की एकोणतिसाच्या पाढ्यासारखं ते येत होतं. मी मान वर केली नाही. मध्ये एकदा कोंबडी गोधडीवर चढली, मंगलीने "हजर" म्हणता म्हणताच तिला हाकललं. बाईंचा सूर तुटेल या भीतीने मला श्वास घेतानासुद्धा जपावंसं वाटत होतं.

चौथ्या रांगेत त्या थांबल्या. बोट तुकड्यावर तसंच. मंगलीने माझ्याकडे पाहिलं.

"गैरहजर," बाई शांतपणे म्हणाल्या. "गैरहजर लिही." आणि पुढे गेल्या.

असं चारदा झालं. शेवटच्या रांगेत त्यांचं बोट एका राखी, निळ्या रेघांच्या तुकड्यावर आलं. तो मी ओळखला. माझी जुनी सुती साडी होती. मी तिचं पायपुसणं केलं होतं.

"ही माझ्या भाडेकरणीची," बाई मला म्हणाल्या. "चांगली बाई आहे, पण आजीचं नाव विचारून सांगते म्हणाली, अजून सांगितलं नाही. गैरहजर."

मी ते लिहिलं. अठ्ठ्याऐंशींत पाच गैरहजर, त्यातली एक माझी.

मंगली भाकरी आणायला आत निघाली. मी तिला थांबवून विचारलं, "मंगली, चार ठिकाणी जरा उसवलं तर?"

"माझ्या गोधडीला आताच भोकं?" ती म्हणाली. "फाटंल तवा निघतील ना बाहेर."

"बरोबर आहे तिचं," बाई म्हणाल्या.

खाली गावात फोन लागत नव्हता. मी चढून रस्त्यावर गेले, एका दगडावर उभी राहिले, तेव्हा आत्याला फोन लागला.

"आत्या, तुझ्या आईचं नाव काय होतं?"

"मेले, आज आठवण झाली? तान्हूबाई. का गं, कुणाला काय झालं?"

"काही नाही. जागा रिकामी होती."

परत आले तेव्हा मंगली सुई ओवत होती. बाईंच्या हातात नाचणीच्या भाकरीचा तुकडा. मी माझ्या रुमालाची कडेची पट्टी फाडली, तिच्यावर बॉलपेनने नाव लिहिलं आणि पुढे केली.

"हे काय?"

"तुमच्या भाडेकरणीच्या आजीचं नाव."

"आली का अखेर?"

"उशीर झाला बाई."

"उशिरा आलेल्याला मी बाहेर उभं करत नाही," बाई म्हणाल्या. "आत घे."

मी पट्टी भाकरीच्या तुकड्याभोवती गुंडाळली आणि कोपऱ्यात सरकवली. बाईंनी तोंड शिवलं. सतराचा पाढा पूर्ण म्हटला, एकदाही चुकल्या नाहीत. बॉलपेनची शाई धुण्यात टिकते का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

छप्पर पाऊस यायच्या आधी झालं. श्रावणात भाची बाईंना घेऊन गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटी शेवटी त्या भाचीलाही हजेरीला उभं करत असं तिने मला सांगितलं. घरात भाचीने मलाच राहू दिलं आहे.

मंगलीचं कुटुंब भात कापून झालं की वीटभट्टीवर कामाला जातं आणि गोधडी त्यांच्याबरोबर जाते. पहिल्या वर्षी मी मुद्दाम दाभोशाला गेले आणि म्हटलं, "भट्टीवर धूळ, चिखल. तेवढे महिने माझ्याकडे ठेव. मी पेटीत नीट ठेवते."

"पेटीत ठेवली तर फाटंल कशी?" मंगली म्हणाली. "तुमाला नावं पायजे ना?"

मी रिकाम्या हाताने परत आले. तेव्हापासून दर हिवाळा असाच जातो. भट्टीवर कुणी ती उचलून नेली तर, ठिणगी पडली तर, टेम्पोत विसरली तर. कार्यालयात फोन वाजला की आधी तेच मनात येतं.

पहिल्या हिवाळ्यात एकही नाव निघालं नाही. दुसऱ्यात एक आणि तिसऱ्यात एक. यंदाचा चौथा. परवा दुपारी टपाल बघत असताना फोन आला. मागे ट्रकचा आवाज, कुणीतरी हिंदीत कुणावर ओरडत होतं.

"बाय, एक हजर झाली!" मंगली म्हणाली. "हिरव्या तुकड्याखालची. पोरीनं वाचलं. देवली. मोखाडा."

"गोधडी बरी आहे ना?"

"ऊब हाय अजून. तुमचा कोपरा लय घट, उंदरालापण नाय सुटला."

चारांतली एक उरली. घरी जाऊन मी दोरी सोडली, पिशवी खाली घेतली आणि नव्या वहीत चौथ्या रांगेतल्या रिकाम्या जागी देवलीचं नाव लिहिलं. मग पिशवी पुन्हा वाशाला ओढून बांधली. मी उंच आहे, ती माझ्या कपाळाला लागते. लागू दे.